प्रेमाने भरवलेला शॅमेलिऑन

आपल्या घरांत प्रेम ताटावर मोजलं जातं. पाहुणा दोनदा नको म्हणाला तरी तिसऱ्यांदा डाव त्याच्या ताटाकडे वळतोच. माणूस ते पचवतो. पण पाळलेल्या शॅमेलिऑनला हा पाहुणचार झेपत नाही.

शॅमेलिऑन म्हणजे आपल्याकडच्या घोयरा सरड्याचं कुळ. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांना दुकानात सहज मिळतो तो येमेनी, डोक्यावर उंच तुरा असलेला, मूळचा येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियातला. बर्मिंगहॅमला असलेल्या माझ्या भाच्याने अशी एक मादी आणली. मागेल तेवढं द्या, असं दुकानदाराने सांगितलेलं. "मामू, आज पंधरा रातकिडे खाल्ले हिने!" असा त्याचा कौतुकाचा फोन यायचा. या जातीची मादी नर जवळ नसतानाही अंडी धरते, आणि खाणं जितकं जास्त तितकी अंडी जास्त. कधी कधी एका वेळी पन्नासच्याही वर. तिची अंडी पोटातच अडकली. डॉक्टरकडे नेलं, पण उशीर झाला होता. पोरगा दोन दिवस जेवला नाही.

वाढत्या पिल्लाला रोज खायला लागतं, मोठ्याला एक दिवसाआड मोजके किडे पुरतात. भूक लागली की तो झाडावर हिंडेल, नेम धरेल, जीभ फेकेल. ती त्याची तब्येत आहे.

आता "नैसर्गिक आहार" या शब्दाबद्दल. जिवंत किडा दिला की झालं नैसर्गिक, असं बहुतेकांना वाटतं. मला ते पटत नाही. डोंगरातला शॅमेलिऑन दहा तऱ्हेचे किडे खातो आणि ते किडे दहा तऱ्हेची झाडंझुडपं खाऊन आलेले असतात. दुकानातला डबाबंद रातकिडा काय खाऊन आलेला असतो? बहुधा कोंडा, नाहीतर अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा. त्यात मुळातच कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त. म्हणून किडे आणले की आधी एक-दोन दिवस त्यांनाच जेवू घालायचं: गाजर, रताळं, मोहरीची कोवळी पानं. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. मग किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. किडेही आलटून पालटून हवेत, कधी रातकिडे, कधी झुरळं, कधी टोळ. (टोळ आपल्यालाही हलाल आहे, तेव्हा त्या डब्याकडे बघून नाक मुरडू नये.) मेणकिडा चरबीचा गोळा; तो मिठाईसारखा, क्वचित. येमेनी शॅमेलिऑन थोडा पालाही खातो. वाटीतलं पाणी मात्र त्याला सहसा ओळखू येत नाही, तो पानांवरचे थेंब चाटतो.

एवढं करूनही अतिनील किरण नसतील तर खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही. खिडकीची काच ते किरण अडवते, त्यामुळे काचेआडचं ऊन कामाचं नाही. खास दिवा लागतो. नाहीतर पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, जीभ किड्यापर्यंत पोचत नाही. उलट व्हिटॅमिनच्या पुड्या रोज ओतल्या तर तेही विषच.

मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिने मांजरीला खायला दिलं नाही, आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळंही सोडलं नाही. आपण पहिल्या अर्ध्यावर थांबतो. मला दुसरं अर्ध जास्त अस्वस्थ करतं. कोंडलेल्या जीवाचं स्वतः शोधून खाणं आपण काढून घेतलेलं असतं, तेव्हा ते शोधण्याचं काम कोंडणाऱ्याच्या गळ्यात पडतं. ज्याला आठवड्यातून दोनदा किड्यांना गाजर किसून घालायचा कंटाळा आहे, त्याने हा प्राणी आणू नये, हे मी भाच्याला स्पष्ट सांगितलं.

आणि इथे, गावाकडे, हा प्रश्नच येऊ नये. आपल्या घोयऱ्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याला पकडून पाळणं गुन्हा आहे. तरी कुणी रस्त्यावरून उचलून खोक्यात ठेवतो आणि बिस्किट, पपई, दूध पुढे करतो. तो हलतडुलत रस्ता ओलांडताना दिसला तर ज्या बाजूला निघाला होता त्या बाजूच्या झुडपावर सोडून द्या. त्याचं जेवण तिथेच आहे.