अडुसष्टचा कागद

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि वस्तीतल्या एक ताई कागद घेऊन आमच्यापुढे आल्या. मुलगा तिसरीत, इंग्रजी माध्यमात. शाळेने बाहेरून कोणाला तरी बोलावून त्याची चाचणी घेतली आणि लिहून दिले : बुद्ध्यांक ६८, मुलाला वेगळ्या शाळेत घालावे. कागदाची घडी इतक्यांदा घातली-उघडली होती की तो मधोमध फाटायला आला होता. "दादा, माझा पोरगा वाण्याचा हिशेब तोंडी करतो. मग हे अडुसष्ट आले कुठून?"

आम्हाला उत्तर देता येईना. पण आमची पुतणी शेजारी होती. ती मानसशास्त्रात एम.ए. करते, यंदा त्यांना चाचण्या घ्यायला शिकवतात. कागद वाचून तिने विचारले, चाचणी कोणती? भाषा कोणती? किती वेळ चालली? तुमची परवानगी घेतली होती का? कागदावर चाचणीचे नावच नव्हते. भाषा इंग्रजी. वेळ वीस मिनिटे, असे पोरगा सांगतो. आणि सही तर ताईंकडे कोणी मागितलीच नव्हती.

हे शिक्षण काय असते ते आम्ही घरात पाहतो आहोत. सूचना छापल्या असतील तशाच वाचायच्या, आपल्या मनची भर घालायची नाही. मूल चुकले तरी कपाळाला आठी नाही, बरोबर आले तरी शाबासकी नाही. प्रश्नांची पेटी कुलपात, कारण प्रश्न फुटले की चाचणी वाया. सरावासाठी तिने आमच्याकडूनही ठोकळ्यांची नक्षी करून घेतली. गुण विचारले तर म्हणाली, "काका, मी अजून विद्यार्थी आहे, आकडा सांगायचा मला अधिकार नाही." आम्हाला जरा राग आला, खोटे कशाला बोला!

तीच पुढे म्हणाली, नुसता आकडा लिहिणेच चूक. चांगल्या चाचणीतही चार-पाच गुण इकडचे तिकडे होतात. आणि केवळ बुद्ध्यांकावरून मुलाला मंद ठरवता येत नाही. ते घरी स्वतःचे स्वतः काय करते हे आईला विचारून मोजावे लागते. ती पद्धत भारतीय मुलांसाठी नागपूरच्या मालिन यांनी बसवली. म्हणजे वाण्याचा हिशेब हाही पुरावाच होता, पण तो कोणी विचारला नाही.

मुळात १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी पहिली चाचणी केली ती अडखळणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. पुढे तिचा शिक्का झाला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी कृष्णवर्णीय मुलांना अशाच आकड्यांवरून मंदांच्या वर्गात बसवले. सहा मुलांच्या पालकांनी १९७१मध्ये कोर्टात धाव घेतली. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या ओळखीच्या शब्दांत त्याच मुलांची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ती सगळी त्या मर्यादेच्या वर निघाली. १९७९मध्ये न्यायाधीश पेकहॅम यांनी या कामासाठी कृष्णवर्णीय मुलांवर अशा चाचण्या वापरायला बंदी केली.

अमेरिकेचे कशाला, आपल्याच देशातले पाहा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलय्याची कोडी सोडवायला दिली. जात न सांगता बसवले तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग सगळ्यांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवली. कोडी तशीच, मुले तशीच, आणि दलित मुलांची सुटलेली कोडी एकदम घटली. २००४ साली हा अहवाल आला. आमची पुतणी म्हणते, चाचणी घेणाऱ्याच्या तोंडून निघालेला एक शब्दही चाचणीचाच भाग असतो.

ताई म्हणाल्या, मग तूच घे ना त्याची चाचणी. तिने हात जोडले. शिकाऊ माणसाने निकाल द्यायचा नसतो आणि ओळखीच्याने तर नाहीच. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ हवा. ही नोंदणी १९९२च्या कायद्याने होते, तो नोंदणी क्रमांक आपण विचारून घ्यावा. पोरगा मठ्ठ नसून त्याला वाचनाची अडचण असेल, तर तीही २०१६च्या अपंगत्व कायद्यात आहे आणि तिला सवलती आहेत. म्हणून आता मोठ्या सरकारी रुग्णालयात मराठीतून चाचणी करायचे ठरले आहे. पोराला काय सांगायचे, हा प्रश्न ताईंना पडला. खरे तेच सांगा, पुतणी म्हणाली. कोडी घालणार आहेत, कंटाळा आला तर सांग, म्हणावे.

तोवर शाळेला अर्ज लिहिला : चाचणीचे नाव, घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आणि पूर्ण अहवाल द्यावा, आणि आमच्या परवानगीशिवाय हा आकडा कोणाला दाखवू नये. खाली ताईंची सही. सोमवारी अर्ज दिला. शिपाई पोच द्यायला तयार नव्हता. ताई तासभर बाकावर बसून राहिल्या आणि शिक्का मारून घेऊनच उठल्या.