त्याला कुठे पाठवायचं?

"ताई, मला वेगळं व्हायचं नाही हो. नुसता मार थांबायला हवा." महिला मंडळात येणाऱ्या कितीतरी जणी हेच म्हणतात. मी त्यांना संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवते, १८१ नंबर लिहून देते. परवा एकीने विचारलं, "माझं सगळं सांगितलंत, पण ह्यांचं काय? ह्यांना कुठे दाखवू?" मी गप्पच बसले.

नवरा पीत असेल तर पुण्याच्या 'मुक्तांगण'चं नाव तरी सांगता येतं. १९८६ पासून ते काम चालू आहे. पण शुद्धीत मारणाऱ्याचं काय? दारू सुटली की हात थांबतोच असंही नाही. साहेब ओरडला तर हाच माणूस मान खाली घालून ऐकतो. (राग आवरत नाही म्हणे!)

कायद्यात सोय आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या कलम १४ प्रमाणे कोर्ट नवऱ्यालाही समुपदेशनाला पाठवू शकतं. २००६च्या नियमांत तर स्पष्ट म्हटलंय, की तिथे त्याने मारहाणीचं समर्थन करायचं नाही. मी मात्र पाहिलंय ते असं : दोघांना समोरासमोर बसवायचं, "तूही जरा नमतं घे" असं तिलाच सांगायचं आणि कागदावर सह्या घ्यायच्या. ती संध्याकाळच्या एसटीने परत त्याच घरात. याला समुपदेशन कसं म्हणायचं?

मुंबईत 'मावा' ही पुरुषांचीच संघटना १९९३ साली सुरू झाली. पुरुषांनी पुरुषांशी या विषयावर बोलायचं, हा तिचा मार्ग. पण आमच्याकडच्या माणसाने रोजंदारी बुडवून मुंबई गाठायची का? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक संध्याकाळ हे काम शिकलेला माणूस बसायला काय हरकत आहे? एका बैठकीत नाही, महिनोन्‌महिने चालेल असं. आणि हात थांबला की नाही हे बायकोला एकटीला विचारायचं, त्याच्या शब्दावर जायचं नाही. तो तिथे जातोय म्हणून तिची तक्रार मात्र अडकवायची नाही.

मैत्रिणी चिडतात. "बायकांना रात्रीचा निवारा मिळत नाही आणि तू पुरुषांची कसली काळजी करतेस?" खरंय. निवाऱ्याचा पैसा याला नकोच. पण उद्या ही सुटली आणि त्याने दुसरी केली, तर ती दुसरीही आमच्याच दारात येणार ना?

परवाच्या बाईला मंगळवारी पुन्हा बोलावलंय. नवऱ्याला घेऊन ये म्हटलं नाही. आणून बसवू कुठे?