घरक्रमांकाची तारीख होते तेव्हा



घरोघरच्या वर्गणीची यादी एक्सेलमध्ये उतरवीत असता घरक्रमांक १२/३ लिहावा आणि तत्क्षणी तो '१२ मार्च' व्हावा, हा अनुभव आपल्या मुलामुलींना आला असेलच. यंत्राचा हा आगाऊपणा विद्वानांनाही भोवला आहे. 'मार्च१', 'सेप्ट२' या जनुकनावांच्या तारखा होऊ लागल्या, तेव्हा नामकरण समितीने २०२० पर्यंत ती नावेच बदलून टाकिली!

मागाहून धावाधाव करून उपयोग नसतो. यंत्र तारीख म्हणजे १९०० च्या आरंभापासूनचे दिवस मोजून ठेविते. म्हणून तो रकाना नंतर 'टेक्स्ट' केल्यास पाच आकडी संख्या तेवढी दिसते. मूळ क्रमांक गेलाच, आणि पावती भलत्याच घरी. यास्तव लिहिण्यापूर्वीच सारा रकाना निवडून 'फॉरमॅट सेल्स'मध्ये 'टेक्स्ट' करावा. एखादाच क्रमांक असल्यास त्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे. ते छापून येत नाही.

२०२३ पासून नव्या आवृत्त्यांत 'ऑप्शन्स'मधील 'डेटा' विभागात अशी काही रूपांतरे कायमची बंद करता येतात. तेणेकरून आरंभीची शून्ये वाचतात खरी. तिरप्या रेघेचे क्रमांक मात्र या सोयीने वाचत नाहीत. त्यांस आधीच 'टेक्स्ट' केलेला रकाना वा अवतरणचिन्हच हवे.