झाडीपट्टी रंगभूमीवरील कलावंतांची नोंद, कल्याण मंडळ व निर्वाहनिधी यांबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली

विषय : झाडीपट्टी नाटकांवर उपजीविका करणाऱ्या कलावंतांची कामगार म्हणून नोंद करून त्यांच्यासाठी कल्याण मंडळ स्थापन करण्याबाबत.

महोदय,

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या चार जिल्ह्यांत भाऊबीजेपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. देसाईगंज म्हणजे वडसा येथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. गावचे मंडळ तिथे येते, फलक पाहते, नायिका कोण, खलनायक कोण, विनोदी काम कोणाचे याची चौकशी करते आणि इसार देऊन तारीख पक्की करते. ठरल्या रात्री कापणी झालेल्या बांधीत मंच उभा राहतो. दहाच्या सुमारास नाटक उघडते आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक थंडीत उजाडेपर्यंत बसून राहतो. ही रंगभूमी सरकारी अनुदानावर वाढलेली नाही. गावकऱ्यांच्या तिकिटावर ती पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीतल्या प्रत्येक कलावंताला तो आपल्या घरचा मान वाटला. त्या मानाने झाडीपट्टीचे नाव दिल्लीपर्यंत गेले. इथल्या नटाचा पोटापाण्याचा हिशेब मात्र होता तिथेच राहिला. तो हिशेब शासनापुढे ठेवण्यासाठी हे निवेदन आहे.

आम्हा कलावंतांना पगार नसतो. पैसे मिळतात ते नाईटमागे. नाटक झाले तर नाईट, नाही झाले तर काही नाही. दसऱ्याच्या आगेमागे तालमी लागतात, आणि एका हंगामासाठी चार-सहा नाटके तयार ठेवावी लागतात. त्या तालमींचे दिवस बहुतेकांना बिनपैशाचे जातात. ऐन जानेवारीत अवकाळी पाऊस आला, मंच भिजला, तारीख रद्द झाली की नटाची नाईट बुडाली. ताप भरला, घसा बसला, घरात मयत झाली, तरी तेच. यात कंपनीचे मालक आमचे वैरी आहेत असे कृपया समजू नये. त्यांच्यातले अनेक जण स्वतः रंग लावून मंचावर उभे राहतात. गावच्या मंडळाचे तिकीट विकले गेले नाही तर ठरलेल्या रकमेचा उरलेला भाग त्यांनाही मिळत नाही. या धंद्याचा सगळा धोका शेवटी ज्याच्याकडे साठवलेले काहीच नाही त्याच्या अंगावर येऊन पडतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्यापैकी बहुतेकांची सुरुवात गावच्या हौशी नाटकात झाली. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री एखाद्या पोराचे काम रंगते, गळा चांगला आहे असे चार जण म्हणतात. पुढच्या हंगामाला तो वडशाच्या कंपनीत शिपाई, गडी, गावकरी अशी कामे करू लागतो. असे काही हंगाम काढले की हस्तपत्रकावर नाव येते. या व्यवसायात बढती म्हणायची ती एवढीच. तिच्यासोबत नेमणुकीचे पत्र येत नाही, करार होत नाही. नायकाची कामे मिळण्याची वर्षे थोडी असतात. आवाज उतरला, चेहऱ्यावर वय दिसू लागले की चरित्र भूमिकेकडे वळावे लागते आणि नाईट कमी होते. इतर कोणत्याही नोकरीत माणसाचा अनुभव वाढला की मिळकत वाढते. आमच्याकडे मुले कॉलेजात जायच्या वयाची होतात तेव्हाच बापाची नाईट उतरू लागते.

हंगाम सरला की बाकीचे आठ महिने उरतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला जायचे. कोणी दुकानांच्या पाट्या रंगवतो, कोणी मजुरीसाठी नागपूर-हैदराबाद गाठतो. श्रमाच्या या कामांत आम्हाला कमीपणा वाटत नाही. पण रोजगार हमीच्या कामावर जॉबकार्ड तरी मिळते. वीस-वीस वर्षे मंचावर उभ्या राहिलेल्या कलावंताजवळ आपण कलावंत आहोत हे सांगणारा सरकारी कागद नसतो. बँकेत घरासाठी कर्ज मागितले की पगारपत्रक विचारतात. मुलीच्या सोयरिकीला गेलो की पाहुणे विचारतात, नाटक ठीक आहे, पण काम काय करता?

पडद्यामागच्या माणसांचे हाल याहून वाईट आहेत. ऑर्गनवाला आणि तबलजी रात्रभर बोटे थांबवत नाहीत, कारण आमच्या नाटकात गाणी मंचावरच गायली जातात. प्रॉम्प्टर नसेल तर एका हंगामात इतकी नाटके उभीच राहू शकत नाहीत. पडदे ओढणारा, रंगभूषा करणारा, दिवे सांभाळणारा, मंच बांधणारा यांची नावे हस्तपत्रकावरही येत नाहीत. त्यामुळे उद्या सरकारी मानधनासाठी अर्ज करायची वेळ आली तर पुरावा म्हणून दाखवायला त्यांच्या हातात काहीच नसते.

स्त्री कलावंतांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. एके काळी इथे स्त्रियांची कामे पुरुष करत. आज स्त्री कलावंतांशिवाय कंपनी तारीख घेऊ शकत नाही, आणि त्यांतल्या कित्येक जणी दुरून, आपले गाव सोडून हंगामापुरत्या वडशाला येतात. गावोगावी त्यांना कपडे बदलायला कनातीचा आडोसा मिळतो, बहुतेक ठिकाणी शौचालय नसते. नाटक पाहायला हजारोंचा समुदाय जमलेला असतो आणि त्यातले काही जण आडोशापर्यंत येतात. तक्रार कोणाकडे करायची? गावचे मंडळ दुसऱ्या दिवशी मोकळे होते, कंपनी पुढच्या गावी निघालेली असते. मध्यंतराच्या आगेमागे नाचणाऱ्या मुलींना तर नटी म्हणूनही मोजत नाहीत. घरचा विरोध पत्करून आलेल्या मुलीला कोणी सांभाळून घेतले नाही तर ती दोन हंगामांत निघून जाते, आणि पुढच्या वर्षी मालक तक्रार करतात की नव्या मुली येत नाहीत.

नाटक पहाटे सुटते. रंग पुसून सामानासकट गाडीत बसायचे आणि पुढच्या गावाला लागायचे. कुरखेडा, कोरची, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या भागांतले रस्ते जंगलातून जातात. वाघ आडवा येतो, अलीकडे रानहत्तींचाही वावर आहे. खरी भीती मात्र रात्रभर जागलेल्या चालकाच्या झोपेची असते. अपघात झाला तर दवाखान्याच्या खर्चाला महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. पण पाय मोडून घरी बसलेल्या नटाच्या बुडालेल्या हंगामाची भरपाई आज कोणत्याही योजनेत नाही.

आणि हंगामच बुडाला तर? गेल्या काही वर्षांत आम्ही ते तीन वेळा भोगले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यतींना बंदी केली. आमच्याकडे दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक असा जोड असतो. पट थांबले तशा पटाच्या गावांच्या तारखा गेल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. बैलांच्या हिताचा विचार झाला तो व्हायलाच हवा होता. मात्र या सगळ्या काळात त्या तारखांवर जगणाऱ्या माणसांचा विचार कोणत्याच टेबलावर झाला नाही. मधल्या काळात, 8 नोव्हेंबर 2016 रोजी, भाऊबीज होऊन आठवडा उलटला असताना नोटा रद्द झाल्या. गावच्या तिकीट खिडकीवरचा सगळा व्यवहार रोखीचा होता. पुढे 2020 साली कोरोनामुळे मंचच उभे राहिले नाहीत. शासनाने 2021 मध्ये एकल कलावंतांना एकवेळचे 5,000 रुपये देण्याचे ठरवले, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण मदत कोणाला द्यायची याची यादीच तयार नव्हती, आणि कुठेच नोंद नसलेले आमच्यातले कित्येक जण रिकाम्या हाताने राहिले.

म्हणून आमची मुख्य मागणी एकच आहे, आणि बाकीच्या मागण्या तिच्या पोटातल्या आहेत. झाडीपट्टी रंगभूमीवर काम करणारे नट, स्त्री कलावंत, वादक, गायक, प्रॉम्प्टर, नर्तिका, नेपथ्य व रंगभूषा करणारे या सर्वांची कामगार म्हणून नोंद करून त्यांचे स्वतंत्र कल्याण मंडळ स्थापन करावे. हे महाराष्ट्राला नवीन नाही. 1969 साली याच राज्याने माथाडी कामगारांचा कायदा केला. आज या मालकाकडे तर उद्या त्या मालकाकडे ओझे वाहणाऱ्या हमालालाही भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळू शकते, हे त्या कायद्याने देशाला दाखवून दिले. बांधकाम मजुरांसाठी 1996 च्या केंद्रीय कायद्याने बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर घेण्याची पद्धत सुरू झाली. ऊसतोड कामगारांसाठी साखर कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेऊन महामंडळ चालवण्याचा निर्णय याच राज्याने घेतला आहे. आमचे कामही तसेच हंगामी, तसेच अनेक मालकांकडचे. कंपनी आणि गावचे मंडळ यांच्यात ठरलेल्या रकमेवर अल्पसा भार बसवावा, तेवढीच भर शासनाने घालावी, आणि ती रक्कम कलावंताच्या नावाने नाईटगणिक जमा व्हावी. टक्का किती असावा हे मालकांशी आणि आमच्याशी बोलून ठरवावे. मालकांना न पेलणारे ओझे आम्हालाही नको, कारण कंपन्या बंद पडल्या तर आमचेच मंच जातील.

नोंदणी झाली की प्रत्येकाला छायाचित्रासह ओळखपत्र व नाईटवही मिळावी. त्या वहीत तारीख, गाव, कंपनी, काम आणि रक्कम यांची नोंद करून कंपनीने सही करावी. ही वही बँकेने उत्पन्नाचा पुरावा म्हणून धरावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता 20 रुपये आहे. तो कल्याण मंडळाने भरून प्रत्येक नोंदीत कलावंताला 2 लाखांचे अपघात संरक्षण द्यावे. अपघातात किंवा आजारात हंगाम बुडाला तर निर्वाहभत्ता मिळावा. शासकीय आदेशाने किंवा साथीच्या रोगामुळे प्रयोग बंद करावे लागले, तर भत्ता मागण्यासाठी कलावंताला वेगळा अर्ज करावा लागू नये.

राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत 2024 पासून दरमहा 5,000 रुपये मिळतात आणि श्रेणींचा भेद गेला, हे चांगले झाले. मात्र पुराव्यांची मागणी शहरी कलावंताच्या मापाने केलेली आहे. वर्तमानपत्रांतली कात्रणे, संस्थांची प्रमाणपत्रे कोरचीच्या तबलजीने आणायची कुठून? जुनी हस्तपत्रके, गावच्या मंडळाचे पत्र आणि दोन ज्येष्ठ कलावंतांची साक्ष हा पुरेसा पुरावा मानावा. जिल्हा निवड समितीवर झाडीपट्टीत प्रत्यक्ष काम केलेली व्यक्ती असावी, आणि मानधन दर महिन्याच्या ठराविक तारखेला खात्यावर यावे.

ध्वनिक्षेपकाचा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. त्याच नियमांत सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. कायदा मोडायची आमची इच्छा नाही. या चार जिल्ह्यांसाठी सवलतीच्या दिवसांची यादी करताना मंडईचे आणि पटाचे दिवस धरावेत. नाटक ऐन रंगात असताना पोलीस येऊन ते थांबवतात तेव्हा कलावंताची नाईट जाते आणि प्रेक्षकांचा राग त्याच्यावरच निघतो. म्हणून कोणत्या गावात कोणत्या रात्री किती वाजेपर्यंत परवानगी आहे, हे हंगामापूर्वीच लेखी कळावे. हा नियम उघड्यावरच्या प्रयोगांसाठी असल्याने पुढच्या काळात मोठ्या गावांतून बंदिस्त रंगमंच उभारण्याचा विचार व्हावा.

स्त्री कलावंतांसाठी दोन गोष्टी लगेच करता येण्याजोग्या आहेत, त्यांना निधीही फारसा लागत नाही. प्रयोगाची परवानगी देताना बंद खोली, शौचालय आणि महिला पोलिसाची उपस्थिती ही अट घालावी. शाळा किंवा ग्रामपंचायत भवन त्या रात्रीपुरते मोकळे करून द्यावे. 2013 च्या कायद्याप्रमाणे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिचा दूरध्वनी क्रमांक परवानगीपत्रावर छापावा आणि तक्रार कोणत्याही गावातून, कोणत्याही तालुक्यातून घेतली जावी.

रेल्वेची कलावंतांसाठी असलेली भाडेसवलत मार्च 2020 पासून थांबली आहे. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून राज्याने केंद्राकडे शिफारस करावी. तसेच गोंडवाना विद्यापीठामार्फत ज्येष्ठ कलावंतांच्या अनुभवाला प्रमाणपत्र मिळावे, म्हणजे हंगाम नसलेल्या महिन्यांत त्यांना शाळा-महाविद्यालयांत नाट्यशिक्षक म्हणून काम करता येईल.

महोत्सव भरवले जातात, पुरस्कार दिले जातात, त्यांबद्दल आमची तक्रार नाही. परंतु शासनाने यंदा एकच गोष्ट करायची ठरवली तर ती आमची नोंदणी असावी. नोंदणी झाल्याशिवाय वरचे काहीही प्रत्यक्षात उतरणार नाही. या कामासाठी गावोगाव फिरायला, यादी तयार करायला आम्ही स्वतः तयार आहोत.

भाऊबीजेला हंगाम उघडतो. त्यापूर्वी सांस्कृतिक कार्य आणि कामगार या दोन्ही विभागांची संयुक्त बैठक वडसा येथे घ्यावी, तिला कंपन्यांचे मालक, वादक, पडद्यामागचे कामगार आणि स्त्री कलावंत यांना बोलवावे, आणि मंडळ स्थापनेचा कालबद्ध कार्यक्रम त्याच बैठकीत जाहीर करावा, ही आग्रहाची विनंती.

आपले नम्र,
झाडीपट्टी रंगभूमीवर काम करणारे समस्त कलावंत, वादक व रंगमंच कामगार
देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. मंत्री, कामगार, महाराष्ट्र शासन
मा. संचालक, सांस्कृतिक कार्य संचालनालय, मुंबई
मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया