एअर प्युरिफायर घ्यावा का?

हर्सूलमधून जळगाव रस्ता जातो. धूळ-धूर घरात येतो, म्हणून दम्याच्या मुलांचे पालक विचारतात, ‘डॉक्टर, एअर प्युरिफायर घेऊ का?’ काळजी रास्त आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचे निकष पूर्ण न करणाऱ्या शहरांच्या यादीत आपलेही शहर आहे.

हेपा फिल्टर पीएम २.५ हे सूक्ष्म कण अडवतो, वायू नाही. शिवाय एक यंत्र एकाच बंद खोलीपुरते. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीतली हवा तासाला पाचदा गाळायची, तर यंत्राचा सीएडीआर ताशी सुमारे १७० घनमीटर हवा. फिल्टर बदलण्याचा खर्चही धरा. ओझोन सोडणारे यंत्र घेऊ नका.

त्याआधी घरातली विडी-सिगारेट, धूप आणि डासांची कॉइल बंद करा, मच्छरदाणी लावा. वर्दळीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी लावून घ्या.

यंत्र आणले तरी इनहेलर थांबवू नका. बोलताना धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच रुग्णालय गाठा. आणि रस्त्यावरची धूळ कमी करणे हे महापालिकेचेच काम. त्याची मागणी सोडू नका.