स्पर्धेचे प्रायोजक आम्ही, मजुरांचा वाली कोण?



युनियनच्या कामासाठी गुरुग्रामला जाणारे आमचे सहकारी दिल्लीहून मेट्रोने जातात. हा मार्ग जून 2010 मध्ये सुरू झाला, तेव्हा गावाचे नाव गुरगाव होते. घाई सगळी राष्ट्रकुल स्पर्धांची. त्या 3 ऑक्टोबरपासून दिल्लीत भरल्या आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजीचे सामने गुरगावजवळ कादरपूरच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तळावर झाले. याच घाईच्या दिवसांत, 12 जुलै 2009 रोजी, दिल्लीत जमरूदपूरला मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावरचा पूल कोसळला आणि कामावरची सहा माणसे गेली. पदकांच्या यादीत ती नाहीत.

रेल्वे कामगारांनी एक गोष्ट विसरू नये. या स्पर्धांची मुख्य भागीदार भारतीय रेल्वे होती, रक्कम 100 कोटी रुपये. म्हणजे ट्रॅकमनपासून पार्सल क्लार्कपर्यंत आपण सगळेच प्रायोजक! टपाल खात्याने तिकिटे काढली, ती विकली आमच्या टपाल बांधवांनी. हे पैसे देताना कोणी एक अट घातली का, की मैदान बांधणाऱ्या मजुराला किमान वेतन मिळालेच पाहिजे?

किमान वेतन मिळत नव्हते, हे आम्ही म्हणत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 साली नेमलेल्या समितीनेच तसा अहवाल दिला. तरी आठ दिवस वर्तमानपत्रे भरली ती साहेबलोकांच्या घोटाळ्यांनी. आयोजन समितीचे अध्यक्ष होते पुण्याचे सुरेश कलमाडी, एके काळचे आपले रेल्वे राज्यमंत्री. 2011 साली त्यांना अटक झाली, आणि एप्रिल 2025 मध्ये मनी लाँडरिंगचे प्रकरण न्यायालयाने बंदही केले. ते न्यायालय पाहून घेईल. आमचा सवाल मजुरीचा आहे, आणि त्याच्या चौकशीला कोणाला वेळ नाही.

हे नवे नाही. 1982 च्या एशियाडच्या वेळी राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसातून आणलेल्या मजुरांची रोजी 9 रुपये 25 पैसे, आणि त्यातून जमादार दर माणशी रोज एक रुपया कापून घेई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, की किमान वेतनाहून कमी पैशात काम करवून घेणे ही घटनेच्या 23 व्या कलमाखाली वेठबिगारीच आहे, आणि कंत्राटदाराकडे बोट दाखवून सरकारला हात झटकता येणार नाहीत. अठ्ठावीस वर्षांनी त्याच दिल्लीत तेच घडले!

आता 2030 च्या स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत, 26 नोव्हेंबर 2025 ला. त्याआधी पाचच दिवस, 21 नोव्हेंबरला, चार श्रमसंहिता लागू झाल्या. एशियाडच्या मजुरांनी ज्याच्या आधारे न्याय मागितला तो 1979 चा स्थलांतरित मजुरांचा कायदा आणि 1996 चा बांधकाम कामगारांचा कायदा, दोन्ही त्यांत विलीन. “देशाच्या इज्जतीचा प्रश्न आहे, आता पगाराचे कशाला काढता,” असे उद्या आपल्यालाही सांगतील. मजुराची मजुरी बुडवून कोणाची इज्जत वाढते?

रेल्वेने पुन्हा एक रुपया द्यायचा असेल तर आधी लेखी करार झाला पाहिजे : प्रत्येक मजुराची नोंद, मजुरी थेट त्याच्या खात्यात, आणि साइटवर युनियनच्या माणसाला प्रवेश. शाखांनी या मागणीचे ठराव याच महिन्यात करून महासंघाकडे पाठवावेत.