हिमरूचा पडदा व त्याचे अस्तर

अमरकोशात पडद्यास प्रतिसीरा, जवनिका आणि तिरस्करिणी असे तीन शब्द दिले आहेत. पैकी तिसरा आम्हांस विशेष प्रिय. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हिमालयाच्या गुहाद्वारांशी लोंबणाऱ्या मेघांना तिरस्करिणी म्हटले आहे. भाईंदरास चौथ्या मजल्यावर मेघांची ही सेवा वर्षातून चारच महिने मिळते. खिडकी पश्चिमेची, समोर मिठागरांची सपाट जमीन, त्यापलीकडे तिवरांची रांग, आडोसा म्हणून काही नाही. दुपारी तीन वाजल्यापासून ऊन थेट देवघरापर्यंत येते. तेव्हा कापडाची तिरस्करिणी करणे प्राप्तच झाले.

कापड घरातच होते. १९८९ साली वेरूळ पाहून परतताना आमच्या पत्नीने औरंगाबादेस (या शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे) चार वार हिमरू घेतले, ते ‘स्वतःच्या घराच्या पडद्यांसाठी’. त्या वेळी गिरगावात चाळीच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसे राहत होतो. कापड ट्रंकेत गेले. भाईंदरचे घर झाले, त्याच्या आदल्याच वर्षी ती निवर्तली. यंदा सूनबाईंनी ते बाहेर काढले, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. वहिनींचे म्हणणे, आठवणीच्या वस्तूस कात्री लावू नये. सूनबाई एवढेच म्हणाल्या, “सासूबाईंनी ते ट्रंकेसाठी घेतले नव्हते.” यावर उत्तर कोणाकडेच नव्हते.

हिमरूत सुती ताण्यावर रेशमी बाण्याने नक्षी उठविलेली असते. सुलट बाजू देखणी; उलट बाजूस एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत सुटे धागे धावतात. ते बांगडीत अडकतात, खिडकीच्या कडीत अडकतात. शिवाय रेशमास उन्हाचे वावडे आहे. काचेने ऊन अडते हा गैरसमज होय; अतिनील किरणांचा बराच भाग काचेतून आत येतो आणि रंग उडवून धागा कुजवितो. म्हणून अस्तर पाहिजेच, आणि तेही पांढरे, म्हणजे ऊन बाहेरच परतते.

मापाचा हिशेब आम्ही पाटीवर मांडला. दांडा ४६ इंच, कापडाचा पन्हा ४४. दोन पन्ह्यांतून बाजूंची दुमड वजा जाता ८२ इंच उरतात, म्हणजे दांड्याच्या पावणेदोनपट. चुण्यांस तेवढे पुरते. लांबी ५४ हवी. खाली दुहेरी दुमडीस ८ आणि वर ४ धरून ६६. दोहोंचे १३२. नक्षी दर ९ इंचांनी पुन्हा येते, ती दोन्ही पडद्यांवर एका ओळीत यावी म्हणून आणखी ९, एकूण १४१. चार वारांचे १४४. तीन इंच शिल्लक! कात्री चालली तेव्हा खोलीत कोणी बोलत नव्हते. कापलेली कड लगेच उसवू लागते, म्हणून सूनबाईंनी ती आधी हाताने गुंफून घेतली.

येथवर सर्व ठीक झाले. पुढची चूक आमची. अस्तराचे मांजरपाट त्या आधी भिजत घालणार होत्या. आम्ही म्हणालो, कोऱ्या कापडाची खळ राहू द्या, पडदा ताठ पडेल. शिवाय चारही बाजूंनी टीप मारावी, म्हणजे काम पक्के! सूनबाईंनी एकदा आमच्याकडे पाहिले, आणि मास्तरांचा मान म्हणून तसेच केले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खिडकी उघडी राहिली. पावसाने अस्तर चिंब झाले, वाळले, आणि ५४ इंचांचे सव्वादोन इंच आखडले. पुढचे हिमरू फुगून त्याची पोतडी झाली. मोसमाच्या आरंभी घरात रेशीम असे दमट लटकत राहिले, तर बुरशी ठरलेलीच.

चाळिशी लावून सर्व टिपा आम्ही स्वतः उसविल्या. दोन दुपारी लागल्या. उलट बाजूचा एकही रेशमी धागा तुटू द्यायचा नाही, म्हणून ब्लेड न वापरता सुईच्या टोकाने. वहिनी शेजारी बसून उसवलेला दोरा वेचीत होत्या. त्यांनी कापडावरून हात फिरवून “तिची निवड चांगली होती,” एवढे म्हटले.

दुसऱ्या खेपेस नवे मांजरपाट रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापले. रुंदीस ते पुढच्या कापडाहून दोन्ही बाजूंनी इंचभर कमी, लांबीसही इंचभर कमी. वरची कड यंत्रावर. बाजू हाताने, ढिल्या दोऱ्याने. खालची कड मात्र जोडायची नाही. पुढच्याची दुमड निराळी, अस्तराची निराळी, आणि दोहोंमध्ये वीतभर अंतरावर दोऱ्याच्या बोटभर साखळ्या. मग दोन कापडे आपापल्या परीने आखडोत वा सैल होवोत, एकमेकांस ओढीत नाहीत.

उरलेल्या तीन इंचांच्या पट्टीचे सूनबाईंनी दोन बंद केले. सायंकाळी सूर्य तिवरांआड गेला की वहिनी पडदे बाजूस सारून ते बांधतात. ते काम त्या दुसऱ्या कोणास करू देत नाहीत.